‘अवर्षण-प्रतिकार’ या संज्ञेची चिकित्सा

मराठी कृषिविषयक लेखनात चाऱ्याच्या द्विदल पिकांस ‘अवर्षण-प्रतिकारक’ हे विशेषण सर्रास लावले जाते. शब्द भारदस्त आहे. परंतु त्याचा अर्थ संदिग्ध आहे. प्रतिकार म्हणजे आलेला आघात परतवून लावणे. वनस्पती अवर्षण परतवीत नाही. पाऊस न पडणे ही बाहेरची घटना होय. वनस्पतीची गाठ पडते ती त्यामुळे पेशींत उद्भवणाऱ्या शोषाशी.

या एका संज्ञेखाली निदान तीन भिन्न व्यापार झाकले जातात. भूमध्यसागरी प्रदेशातील सबटेरेनियन क्लोव्हर ही वनस्पती ओलाव्याच्या ऋतूतच फुलते, फळे मातीत पुरते आणि कोरडा उन्हाळा बीजरूपाने काढते. सिरॅट्रो हा वेल पर्णरंध्रे लवकर मिटतो व पर्णिका सूर्यकिरणांस समांतर वळवतो. या हालचालीने पानांचे तीव्र प्रकाशापासून व उष्णतेपासून रक्षण होते, हे लडलो व ब्यॉर्कमन यांनी १९८४ साली दाखविले. स्टायलोच्या काही जाती मात्र पानांतील पाणी बरेच घटल्यावरही तग धरतात. पहिली वनस्पती निसटते, दुसरी टाळते, तिसरी सोसते. टाळणे व सोसणे यांतील भेद जेकब लेव्हिट यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात विशद केला होता. मराठी विशेषणात तो पुसला जातो.

मूळ इंग्रजी संज्ञाही व्यापकच आहे, असा आक्षेप येईल. तो मान्य करावा लागेल. तथापि तेथे पोटभेदांची स्वतंत्र नावे रूढ आहेत. मराठीत ‘कालपरिहार’, ‘शोषपरिहार’ आणि ‘शोषसहिष्णुता’ अशी नावे योजता येतील.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. लसूणघास या पिकाचे सोटमूळ खोल जाते. ताण वाढला की वरची वाढ खुंटते आणि पाणी मिळताच बुंध्याशी नवे फुटवे येतात. पीक जगले हे खरे; परंतु मधल्या काळात गव्हाण रिकामीच राहिली. पुष्कळ द्विदल पिकांत मुळांवरील गाठींचे नत्र-स्थिरीकरणही ताणाने लवकर मंदावते. म्हणजे शास्त्रज्ञास अभिप्रेत असते तगणे, आणि बियाणे घेणारा शेतकरी अपेक्षा धरतो चाऱ्याची. संज्ञा दोघांनाही एकच दिसते. तिच्या संदिग्धतेची किंमत मात्र जनावरांच्या धन्यास मोजावी लागते. म्हणून ‘प्रतिकारक’ म्हणणाऱ्याने काय टिकते, रोप की उत्पन्न, हेही त्याच वाक्यात सांगणे अगत्याचे आहे.