'स्मृतिचित्रें' आणि धर्मोपदेशकाच्या घरचा पाहुणा

धर्मप्रसारासाठीं परमुलखांत हिंडलेल्या माणसांनीं लिहिलेलें वाङ्मय थोडें नाहीं. त्यांतील पुष्कळ पुस्तकांचा सांचा ठरलेला असतो. उपदेशक येतो, नाना जातींचीं व आचारांचीं माणसें पाहतो, त्यांचे पोषाख व देव टिपून ठेवतो, आणि शेवटीं किती जण आपल्या पंथांत आले ह्याचा हिशेब देतो. मॉर्मन पंथाचा उपदेशक ह्यू फिंडले १८५२ सालीं मुंबईस आला, पुण्यासही राहिला. परंतु त्यास लाभलेले थोडके अनुयायी बहुतांशीं युरोपीयच होते. तेव्हां हिशेबाच्या दृष्टीनें त्याचा प्रवास जवळजवळ व्यर्थच म्हणावा लागेल. पण माणसामाणसांच्या गांठीभेटींस ह्याहून दुसरें माप नाहीं काय? हा प्रश्न मनांत धरून आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें' पुनः वाचलीं; आणि त्याचें उत्तर आम्हांस खानदेशांतील एका मुलाच्या हकीकतींत सांपडलें.

१९०७ सालीं जळगांवीं पहिलें महाराष्ट्र-कविसंमेलन भरलें. धरणगांवीं जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या संमेलनास हजर होते. पुढें हा ब्राह्मणाचा मुलगा अहमदनगरास टिळकांच्या ख्रिस्ती घरीं येऊन राहिला.

टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक. धर्मोपदेश हें त्यांचें जीवितकार्य. घरांत असा हळवा व बुद्धिमान तरुण वावरत असतां त्यास आपल्या धर्मांत ओढण्याचा मोह एखाद्यास अनावर झाला असता. तरी ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. मिशनच्या एखाद्या अहवालांत त्यांच्या नांवापुढील रकाना रिकामाच राहिला असता. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत मात्र हा पाहुणा घरभर पसरला आहे. त्याचे लहरी स्वभावाचे खेळ, त्याचे रुसवे, त्याची कविता, आणि ह्या सर्वांवर पांघरूण घालणारी लक्ष्मीबाईंची माया, हें सारें आईनें पोराविषयीं बोलावें तसें त्या सांगतात.

हें औदार्य त्या घरास फुकट मिळालें नव्हतें. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. कांहीं वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे आल्या त्याही आपलें सोंवळें संगतीं घेऊनच. एका छपराखालीं दोन आचार नांदूं लागले. दुसऱ्याच्या हातचें पाणी पिण्यापर्यंतची वाट त्या पायरीपायरीनें चालल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. ह्या झगड्याचें वर्णन करितांना त्या स्वतःला हंसतात. पूर्वीच्या समजुतींस मात्र तुच्छ लेखीत नाहींत. मन वळण्यास किती काळ लागतो हें ज्या बाईनें भोगलें, ती दुसऱ्याच्या मनावर घाई कशी करील? ठोमऱ्यांच्या प्रकरणाचें मर्म आम्हांस येथें दिसतें.

भाषाही ह्या स्वभावास शोभणारीच आहे. शाळेचें शिक्षण फारसें न झालेल्या लक्ष्मीबाई ओसरीवर बसून बोलावें तसें लिहितात. दुःखाचा प्रसंग आला कीं वाक्य आंखूड होतें, आणि लगेच एखादी गंमत येऊन वाचकाचे डोळे पुसते.

परंतु एक उणीव सांगणें आमचें कर्तव्य आहे. मिशनच्या परिसरांत महार-मांग समाजांतून आलेलीं किती तरी कुटुंबें होतीं. पुस्तकांत तीं येतात, पण पुष्कळदां लक्ष्मीबाईंच्या सोंवळ्याची कसोटी म्हणून येतात. पाणी देणाऱ्याच्या हाताविषयीं त्यांना काय वाटलें हें आपणांस कळतें. त्या हाताच्या धन्यास काय वाटलें हें क्वचितच कळतें. ठोमऱ्यांस ह्या पुस्तकांत जें पुरें माणूसपण लाभलें, तें ह्या मंडळींच्या वांट्यास तितकें आलें नाहीं. लेखिकेच्या प्रामाणिकपणानेंच ही उणीव उघडी पडते, हें खरें. तरी ती उणीवच.

५ मे १९१८ रोजीं जळगांवनजीक भादली स्टेशनावर आगगाडीखालीं सांपडून बालकवि वारले; पुढील वर्षीं ९ मे रोजीं टिळकही गेले. 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९३६ सालीं लक्ष्मीबाईही निवर्तल्या. जळगांवच्या संमेलनापासून पहिल्या भागापर्यंत सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं, तरी पाहुण्याची आठवण ताजी होती. आपल्या धर्मांत न आलेल्या मुलासाठीं धर्मोपदेशकाच्या घरांत इतकी जागा राहिली. गांठीभेटींचें दुसरें माप आम्ही शोधीत होतों, तें हेंच. ज्या घरांत निराळ्या जातीचा अगर धर्माचा माणूस पानावर बसतांना अजून कोणाचा तरी हात अडखळतो, तेथें हें पुस्तक सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावें.