मॅकिआव्हेली, वडगांवचा तह आणि मावळांतील लोकमत

नाना फडणिसांस 'मराठ्यांचा मॅकिआव्हेली' म्हणण्याचा प्रघात युरोपीय लेखकांनीं पाडला आणि आमच्याकडील लेखकांनीं तो निमूटपणें उचलला. कित्येकांस ह्या पदवींत नानांचा गौरव दिसतो, कित्येकांस निंदा. परंतु ज्या ग्रंथकाराच्या नांवानें ही पदवी दिली जाते, त्याचे ग्रंथ उघडून ती नानांस कितपत लागू पडते हें ताडून पाहिल्याचें आमच्या वाचनांत फारसें आलें नाहीं. प्रस्तुत टिपणांत ती परीक्षा मुख्यत्वें वडगांवच्या तहापुरती करण्याचें योजिलें आहे.

निमित्त असें घडलें कीं, जुन्या कागदांच्या शोधांत नाणे मावळांतील वडिवळे येथें आमचें जाणें झालें. कागद हातीं लागले नाहींत. पण देवळाच्या ओट्यावर वडगांवच्या लढाईची गोष्ट निघाली. कार्ले व वडगांव हीं दोन्ही ठिकाणें तेथून जवळ असल्यामुळें 'इष्टुर फांकडा' कोण, हें तेथें कोणास सांगावें लागत नाहीं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला, "साध्य चांगलं असेल तर साधन कोणतंही चालतं, असं मॅकिआव्हेली सांगतो. मग नानांनी इंग्रजांना जिवंत सोडलंच कशाला?" त्यावर शेजारीं बसलेले एक वृद्ध शेतकरी शांतपणें म्हणाले, "लढाईत फसवलं तर तो डाव, बाळा. शब्द देऊन फसवलं तर ती बेइमानी. बेइमान ते झाले, आपण नाही." ह्या दोन उत्तरांत आमच्या विषयाचे दोन्ही पक्ष आले.

प्रथम तरुणाचें वाक्य घेऊं. तें त्या शब्दांत मॅकिआव्हेलीच्या 'राजा' ह्या ग्रंथांत नाहीं. हा ग्रंथ इ. स. १५१३ मध्यें लिहिला गेला आणि ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर (१५२७) पांच वर्षांनीं, १५३२ त, छापला गेला. त्याच्या अठराव्या प्रकरणांत इतकेंच म्हटलें आहे कीं, जेथें दाद मागण्यास न्यायासन नाहीं, तेथें लोक राजाच्या कृत्याची पारख परिणामावरून करितात. हें लोकस्वभावाचें वर्णन झालें. तो सर्वांस दिलेला परवाना नव्हे. तथापि त्याच प्रकरणांत, दिलेला शब्द पाळणें अहिताचें ठरेल तेव्हां शहाण्या राजानें तो पाळूं नये, असें ग्रंथकार स्पष्ट सांगतो. सबब त्याची अपकीर्ति अगदींच निराधार आहे, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

आतां वडगांवचा प्रसंग पाहूं. रघुनाथरावांस गादीवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची सुमारें ३,९०० ची फौज घाट चढून आली. जानेवारी १७७९ च्या आरंभीं कार्ल्यास कॅप्टन स्ट्यूअर्ट, म्हणजेच इष्टुर फांकडा, पडला. तळेगांव उजाड केलेलें आढळलें, तेव्हां जड तोफा तळ्यांत टाकून फौज माघारी फिरली व वडगांवीं वेढली गेली. कारनाक व एगर्टन ह्यांनीं तह केला: १७७३ पासून घेतलेला मुलूख साष्टीसह परत द्यावा, बंगाल्याहून येणारी फौज थांबवावी, आणि हमीदाखल फार्मर व दुसरा एक स्ट्यूअर्ट असे दोन ओलीस मागें ठेविले. महादजी शिंद्यांस भडोच देण्याचें वचन निराळें. मराठ्यांनीं वेढा उठवून फौज जाऊं दिली. ती घाट उतरते न उतरते तोंच बंगालच्या फौजेस थांबण्याचा हुकूम मागें घेण्यांत आला. आम्हांस तह करण्याचा अधिकारच नव्हता, अशी सबब पुढें आली आणि तह नाकारला गेला. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें.

हा प्रसंग वाचतांना मॅकिआव्हेलीचा दुसरा ग्रंथ, लिव्हीच्या रोमन इतिहासावरील प्रवचनें, हटकून आठवतो. इ. स. पूर्वी ३२१ त सॅम्नाइट लोकांनीं रोमन सैन्यास कॉडियमच्या खिंडींत कोंडून तह करविला व सोडून दिलें. रोमनें तो तह मानला नाहीं. तिसऱ्या भागाच्या बेचाळिसाव्या प्रकरणांत, बळजबरीनें घेतलेलें वचन बंधनकारक नाहीं, असें मॅकिआव्हेली ह्या प्रसंगावरून प्रतिपादितो. वडगांवीं हा न्याय कोणीं चालविला? नानांनीं नव्हे, तर मुंबईकरांनीं. त्यांतही भेद असा कीं, वचन देणाऱ्या पोस्तुमियसनें आपणांसच बांधून शत्रूच्या स्वाधीन करा असें रोमन सभेस सांगितलें व तसें घडलें. मुंबईकडून कारनाक परत आला नाहीं. कंपनीनें त्यास व एगर्टनास पुढें बडतर्फ केलें खरें. परंतु मोडलेल्या शब्दाची भरपाई त्यानें होत नाहीं.

नानांस मॅकिआव्हेली म्हणणारेच बहुधा त्यांस चाणक्यही म्हणतात, जणूं तीं दोन नांवें पर्यायशब्द आहेत. कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनीं १९०९ त छापल्यापासून तरी ही समजूत टिकूं नये. सातव्या अधिकरणांत संधीच्या स्थैर्याची चर्चा आहे. पूर्वाचार्यांचें मत असें कीं, सत्य व शपथ ह्यांवरील संधि चंचल, जामीन व ओलीस ह्यांवरील स्थिर. कौटिल्य हें खोडून काढतो: सत्य व शपथ इहलोकीं व परलोकीं दोन्हीकडे बांधतात, जामीन व ओलीस इहलोकापुरते, आणि तेही बळावर अवलंबून. वडगांवीं ओलीस होते. तह टिकला नाहीं. कौटिल्याचें हें मत आणि ओट्यावरील वृद्धाचें मत ह्यांत शब्दांखेरीज अंतर आम्हांस दिसत नाहीं.

ह्यावरून नाना निर्दोष ठरतात असें मात्र कोणी समजूं नये. वडगांवानंतर थोड्याच दिवसांत त्यांनीं आपले जुने सहकारी सखारामबापू बोकील ह्यांस कैद करविलें. १७८१ त बापूंचा अंत रायगडीं कैदेंतच झाला. बापूंचें रघुनाथरावांशीं संधान होतें हें मान्य केलें, तरी वडिवळ्याच्या मापानें हा डाव कीं बेइमानी, हा प्रश्न उरतोच. आमचें मत नानांस अनुकूल नाहीं. उलट ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नानांस दौलतराव शिंद्यांकडे कैद झाली, ती मिकेल फिलोज ह्या नेपल्सच्या सरदारानें सुखरूप परत पोंचविण्याचें वचन दिल्यावर! मराठ्यांचा म्हणविला जाणारा मॅकिआव्हेली एका इटालियनाच्या शब्दावर विसंबून बुडाला. पदवी देणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

सारांश, राजनीतींत नीति असावी कीं नसावी, असा ढोबळ प्रश्न आमच्या सामान्य लोकांनीं स्वतःस घातलेला दिसत नाहीं. त्यांची रेषा दिलेल्या शब्दाशीं आहे: शब्दाच्या अलीकडे कावा, पलीकडे दगा. मॅकिआव्हेली ती रेषा जाणून ओलांडतो, म्हणून त्याचें नांव उसनें घेऊन आमच्या माणसांची पारख होत नाहीं. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, मोडी पत्रांचा सारांश काढतांना बेलभंडार, क्रिया, शपथ, इमान हे शब्द मायन्याप्रमाणें गाळूं नयेत. कोणी कोणास काय दिलें ह्याइतकेंच, तें कशाची शपथ घेऊन दिलें, हेंही इतिहासाचें साधन आहे.