‘जहाल’ या शब्दाची परीक्षा

राजकारणांतील नांवें पुष्कळदां भांडणाच्या भरांत ठेविलीं जातात, आणि पुढें तींच क्रमिक पुस्तकांत शास्त्रीय संज्ञांच्या थाटांत मिरवूं लागतात. ‘जहाल’ हा शब्द त्यांपैकींच होय. उदारमतवादी तो मवाळ व त्याच्या उलट तो जहाल, हें समीकरण विद्यार्थी मुखोद्गत करतात आणि त्यांचे पालकहि तें निःशंकपणें मानतात. आमच्या मतें तें मुळांतच सदोष आहे.

‘जहाल’ हें विशेषण आपण विषाला लावतों, ‘मवाळ’ हें स्वभावाला. दोहोंनींहि तीव्रतेचें मान कळतें, तत्त्व कळत नाहीं. सार्वजनिक सभा १८९५ सालीं टिळकपक्षाच्या हातीं गेल्यावर न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें १८९६ मध्यें डेक्कन सभा निघाली. तिच्या जाहीरनाम्यांत उदारमत व नेमस्तपणा यांचे अर्थ वेगवेगळे सांगितले आहेत. वंश व धर्म यांविषयींच्या पूर्वग्रहांपासून मुक्तता आणि माणसामाणसांत न्याय, हें पहिल्याचें लक्षण. अशक्याची हांव न धरतां जवळचें पाऊल आधीं टाकणें, हें दुसऱ्याचें. तेव्हां ‘जहाल’ हा नेमस्ताचा प्रतियोगी शब्द झाला, उदारमताचा नव्हे.

नगरच्या एका प्रकरणावर हा भेद पडताळून पाहतां येतो. ३१ मे व १ जून १९१६ रोजीं लोकमान्य टिळकांनीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें स्वराज्यावर व्याख्यानें दिलीं. परकेपणा कातडीच्या रंगांत किंवा धर्मांत नसून हितसंबंधांत असतो. या देशाचें हित करणारा मुसलमान असो वा इंग्रज असो, तो परका नव्हे, असें त्यांनीं तेथें प्रतिपादिलें. रानड्यांचें पहिलें लक्षण याहून निराळें काय सांगतें? सरकारला मात्र तेथें धग तेवढी दिसली. बेळगांवचें एक व नगरचीं दोन, अशा तीन व्याख्यानांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटानें २०,००० रुपयांचा मुचलका व प्रत्येकीं १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं मुंबई हायकोर्टानें व्याख्यानांचा समग्र आशय पाहून तो हुकूम रद्द केला.

यावरून टिळक सर्वत्र उदारमतवादी होते असें मात्र कोणीं समजूं नये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनीं विरोध केला. परकीय सरकारनें आमच्या चालीरीतींत हात घालूं नये, हा त्यांचा मुद्दा विचारार्ह होता. पण अल्पवयीन मुलीला न्याय कोण देणार, या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनीं त्या मुलीची बाजू घेतली, व तीहि अत्यंत जळजळीत भाषेंत. तत्त्वानें उदार आणि लेखणीनें जहाल अशा या पुरुषाला त्या समीकरणांत जागाच नाहीं.

हा वाद केवळ जुन्या दप्तरांतला नाहीं. निवडून येऊनहि नागरिकांचे हक्क चिरडणाऱ्या राजवटींकडे फरीद झकारिया यांनीं १९९७ सालीं एका निबंधांत लक्ष वेधलें. २०१४ मध्यें हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान ऑर्बान यांनीं आपल्या राज्याला उदारमताविरुद्धचें विशेषण अभिमानानें लाविलें. अशा राजवटीला मराठींत काय म्हणावें? ‘अनुदार’ म्हटल्यास कृपण गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. ‘हुजूर’ हा शब्द विलायतेंतील एका पक्षानें अडविला आहे. आणि ‘जहाल’ म्हणावें, तर हक्क काढून घेणारा फर्मान अगदीं मवाळ, कायदेशीर भाषेंतहि निघूं शकतो. आम्ही ‘उदारमतविरोधी’ हा शब्द सुचवितों. तो बोजड आहे खरा, परंतु विरोध कशाला आहे, हें तो स्पष्ट सांगतो.

आमच्या घरांत वर्तमानपत्र वाचून एखाद्या पुढाऱ्याला चटकन् नांव दिलें जातें. तें देण्यापूर्वीं त्याचा आवाज किती चढला याऐवजीं, त्याच्या मतानें न्याय कोणाला मिळतो व कोणाला नाकारला जातो, एवढें पाहिलें तरी पुष्कळ झालें.