सिंदखेडची समाधि : कांहीं विचार

सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवरावांच्या समाधीविषयीं लिहितांना बहुतेक लेखक प्रथम तिच्या आकाराचें वर्णन करतात. देशांत एवढी मोठी समाधि दुसरी नाहीं, हें वाक्य तर एकाच्या लेखांतून दुसऱ्याच्या लेखांत इतक्या वेळां उतरलें आहे कीं, अशी तुलना कोणीं व कोणत्या मापांवरून केली, हें विचारण्याचें भानहि राहिलेलें नाहीं. लांबीरुंदीचा हा गजर क्षणभर बाजूस ठेवून, ही इमारत ज्या घराण्यानें उभारली त्यास तींतून काय सांगावयाचें होतें, एवढाच प्रश्न येथें घ्यावयाचा आहे.

ता. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस मुर्तजा निजामशहाच्या दरबारांत लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हे एकाच वेळीं मारले गेले. जिजाबाईंचे पिता, बंधु व भाचा असे एका दिवसांत गेले. शिवजन्मास तेव्हां सात महिन्यांचा अवकाश होता. मागें राहिलेल्या मंडळींनीं दौलताबाद सोडून सिंदखेड गाठलें व मोगलांचा आश्रय केला. समाधीचें काम या आपत्तींतून वाचलेल्यांचें आहे, ही गोष्ट तिचें परीक्षण करतांना विसरतां कामा नये.

आमच्या परभणी जिल्ह्यांत काय, किंवा एकंदर मराठवाड्यांत काय, पडलेल्या शिपायाचें स्मारक म्हटलें म्हणजे वीरगळ. मारुतीच्या पाराशीं शेंदूर माखून बसलेले हे दगड वाचकांनीं पाहिलेच असतील. खालीं पडलेला वीर, मध्यें झुंज, तीवर अप्सरा त्यास नेत आहेत, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्यांचा क्रम असतो. या क्रमाचा सांधा झुंजीच्या पट्टीवर आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील स्वर्गाचें आश्वासनहि युद्धांत पडणाऱ्यासच आहे. मुजऱ्यास गेलेल्या सरदारांस दगा करून मारलें, तर शिल्पकारानें ती पट्टी कशानें भरावी? जाधवरावांनीं झुंज आणि अप्सरा दोन्ही टाकून वरच्या पट्टींतील शिवलिंग तेवढें घेतलें आणि त्यावर घुमट चढविला, असें मला वाटतें. हें माझें अनुमान आहे. परंतु तें धरलें म्हणजे इमारतीच्या आंतील निराडंबर स्थितीचा उलगडा होतो.

आतां घुमटाविषयीं. कित्येकांस येथें घुमट कां, हा प्रश्न अवघड वाटतो व ते त्यास निरनिराळीं सोज्ज्वळ नांवें देतात. तशी गरज नाहीं. मलिक अंबर १६२६ सालीं वारला. त्याची कबर खुलदाबादेस आहे. भातवडीच्या लढाईंत, १६२४ सालीं, तो व लखुजी समोरासमोरच्या फौजांत होते. तीन वर्षांच्या अंतरानें गेलेले हे दोन प्रतिपक्षी घुमटाखालींच आहेत. थोर पुरुषाचें स्मारक करण्याची ती दख्खनची त्या काळची भाषा होती आणि दख्खनी गवंडी तीच जाणत होता. ज्या दरबारानें घात केला त्याच मुलखाच्या शैलींत घराण्यानें आपल्या मृतांचा मान केला, यांत मला कमीपणा दिसत नाहीं.

पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री आहे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं तेथें वारले. विसाव्या शतकांत ग्वाल्हेरच्या माधवरावांनीं तिचा विस्तार केला. तेथें महादजींची प्रतिमा आहे, वंशजांच्या तसबिरी आहेत. शिंद्यांजवळ राज्यहि होतें आणि खजिनाहि. सिंदखेडास चेहरा नाहीं. दर्शनास येणाऱ्यास वानवडी अधिक आवडते, तें स्वाभाविकच आहे. पण कलेच्या दृष्टीनें मी सिंदखेडास वरचें स्थान देईन, कारण तेथें दुःखास सजावट लागली नाहीं.

जून २०२४ मध्यें समाधीच्या जीर्णोद्धाराचें काम चालूं असतां केंद्रीय पुरातत्त्व खात्यास जवळच एका मंदिराचा पाया लागला आणि सुमारें सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ति मिळाली. ती १.७० मीटर लांब व एक मीटर उंच असून क्लोराइट शिस्ट या दगडाची आहे. लक्ष्मी पाय चेपीत आहे. पट्टींत समुद्रमंथन, अश्व व ऐरावत आहेत. धारासूरचें गुप्तेश्वर मंदिर व चारठाण्याचे स्तंभ ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांस या भागांतील प्राचीन शिल्पाचें नवल वाटणार नाहीं; नवल दगडाचें आहे, कारण होयसळांच्या मुलखांत तो विशेष वापरलेला दिसतो. यावरून लगेच, देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणविणाऱ्या जाधवरावांनीं पूर्वजांचें देऊळ जाणून त्याच्या शेजारीं समाधि बांधली, असें म्हणण्याचा मोह होईल. मंदिर सतराव्या शतकांत जमिनीवर दिसत होतें कीं आधींच गाडलें गेलें होतें, हें थरांवरून ठरेपर्यंत तो आवरावा. मूर्ति मात्र सिंदखेडासच राहिली पाहिजे.

उत्खननाचे नकाशे व थरांचीं टिपणें सविस्तर छापलीं जावींत. तसेंच जाधवराव घराण्याच्या शाखांचीं दप्तरें ज्या संग्राहकांजवळ आहेत, त्यांनीं समाधीच्या दिवाबत्तीसंबंधीं एखादें इनामपत्र किंवा ताकीदपत्र आढळल्यास त्याची नक्कल प्रसिद्धीस द्यावी. तेल कोणत्या गांवच्या उत्पन्नांतून येत होतें व कोणाच्या नांवें, एवढें कळलें तरी बांधणारा कोण, या वादास कागदाचा आधार मिळेल.