‘चक्राकार’ हा शब्द आणि वालधुनीचे पाणी

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील वस्त्रव्यवसायासंबंधी जे लेखन अलीकडे होत आहे, त्यात ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ ही संज्ञा वारंवार आढळते. कोणी ‘चक्रीय’ लिहितात, कोणी ‘वर्तुळाकार’. अभिप्रेत अर्थ एकच : वापरलेले वस्त्र टाकून न देता पुन्हा उत्पादनात आणणे. तथापि हे पर्याय समानार्थी नाहीत. चक्र म्हटले की ते फिरविणारा हात गृहीत धरावा लागतो. वर्तुळ कागदावर काढले की पूर्ण होते. प्रस्तुत लेखनातील अर्थव्यवस्था बहुधा वर्तुळाकारच असते.

हा व्यवहार आमच्याकडे पूर्वापार होताच, असा एक युक्तिवाद केला जातो. तो मला मान्य नाही. दोन जीर्ण लुगड्यांचे धड भाग जोडणे म्हणजे ‘दंड घालणे’. त्याहून विरले की ‘जुनेर’, मग वाकळ अथवा गोधडी, अखेरीस पोतेरे. भांडे देऊन जुने कपडे नेणारी बोहारीणही याच व्यवहारातली. या शब्दांचा क्रम पाहावा. तो उतरत्या पायऱ्यांचा आहे. पोतेऱ्याचे पुन्हा लुगडे झाल्याचे भाषेस ठाऊक नाही.

उल्हासनगरात तर अर्थाची उलटापालटच झालेली दिसते. निर्वासित सिंधी बांधवांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ मध्ये हे नाव मिळालेल्या या नगराने पुढे जीन्सच्या धंद्यात लौकिक मिळविला. तेथील ‘वॉश’ म्हणजे मळ काढणे नव्हे. नव्या कापडाची नीळ विरंजकाने, प्यूमिस दगडाने वा विकराने उतरवून त्यास जुनेपण आणणे होय. जुनेर नेसून जुने होते, जीन्स विकण्यापूर्वीच जुनी केली जाते. उतरलेला रंग वालधुनीत गेला. ही नदी अंबरनाथच्या, शके ९८२ च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराजवळून वाहते. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. २०१५ मध्ये त्यावर निर्णय झाला, आणि पुढे धुलाईचे पुष्कळ कारखाने बंद पडले. केवळ कापडाचा फेरा मोजणारी व्याख्या या पाण्याविषयी काहीच बोलत नाही. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा दोष होय.

दुसरा दोष श्रमासंबंधी आहे. सुतात इलास्टेन मिसळलेले असले की तंतू पुन्हा सुटे करणे कठीण जाते. म्हणून कातरणे शिवणयंत्रापाशीच निवडावी लागतात, आणि ते काम हातांनीच होते. या मालास बाजारात ‘चिंधी’ म्हणतात. तिच्यापासून मराठीने ‘चिंधीचोर’ ही शिवी घडविली. ती निवडणाऱ्या कामकऱ्यास नव्या परिभाषेत कोणते नाव द्यावयाचे, याचा विचार या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांनी केल्याचे मला आढळले नाही.