दुसऱ्याच धड्यातलं उत्तर

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा व्हॉट्सॲप आला. तिचा मुलगा आठ वर्षांचा. सोमवार ते शुक्रवार सरकारी शाळेत जातो, रविवारी चर्चच्या तळघरात धर्मशिक्षणाच्या वर्गाला. यंदा त्याचं पहिलं कम्युनियन आहे. त्यानं वर्गात विचारलं, ‘शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचा बाप्तिस्मा झालेला नाही, मग तो स्वर्गात जाणार की नाही?’ शिकवणारी बाई म्हणजे कुणाची तरी आई, हौसेनं शिकवणारी. ती म्हणाली, ‘पुढच्या रविवारी बघू.’ पुढच्या रविवारी पुढचा धडा झाला.

बहिणीनं विचारलं होतं, “आपल्याला काय सांगितलं होतं रे?”

मी विरार लोकलमध्ये उभा होतो. नीट आठवून पाहिलं. आपल्याला काहीच सांगितलं नव्हतं. वसईत मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत असताना हाच प्रश्न मी रविवारच्या वर्गात विचारला होता. बाकावरचा माझा जोडीदार आगरी होता. त्याच्या डब्यातली भाकरी मी खायचो, माझ्याकडचा नाताळचा फराळ तो खायचा. तो नरकात गेला तर मला तिथे जाऊन भेटता येईल का, अशी माझी शंका होती. शिकवणारे म्हणाले, “हे आपल्या पुस्तकात नाही.”

तेव्हा ते मला पटलं होतं. पुस्तकात नाही म्हणजे परीक्षेत नाही.

बहिणीला उत्तर देण्याआधी पुस्तकात खरंच काय आहे ते बघावं म्हणून मी तिकडच्या सगळ्या प्रश्नोत्तऱ्यांची आजी म्हणता येईल असं पुस्तक मोबाइलवर उतरवून घेतलं: ‘बाल्टिमोर कॅटेकिझम’. त्याचे कॉपीराइट कधीच संपले आहेत. चर्चगेट ते विरार अशा चार फेऱ्यांत वाचून होतं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. त्याशिवाय हे पुस्तक असं का आहे ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सरकारी शाळा नावापुरत्या सर्वांच्या होत्या. तिथे बायबल वाचलं जाई ते प्रोटेस्टंटांचं, प्रार्थनाही त्यांच्याच. आयर्लंडहून, जर्मनीहून आलेल्या कॅथलिक आईबापांना हे खुपत होतं. 1844 साली फिलाडेल्फियात शाळेत कोणतं बायबल वाचायचं या वादातून दंगली पेटल्या, चर्चं जाळली गेली, माणसं मेली. मग 1884 साली बाल्टिमोरला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांत कॅथलिक शाळा उभी राहावी, आणि देशभरातल्या मुलांसाठी एकच प्रश्नोत्तरी असावी. प्रश्नोत्तरी 1885 मध्ये आली: 37 धडे, 421 प्रश्न. शाळा मात्र सगळीकडे उभ्या राहिल्या नाहीत. जिथे राहिल्या तिथेही सगळ्यांना परवडल्या नाहीत. लाखो कॅथलिक मुलं सरकारी शाळेतच जात राहिली. 1905 साली दहाव्या पायस पोपनं आदेश काढला की दर रविवारी तासभर मुलांना धर्मशिक्षण द्यावं आणि त्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात एक मंडळ असावं. अमेरिकेत त्या मंडळाच्या नावाची आद्याक्षरंच वर्गाचं नाव होऊन बसली. आजही तिथली मुलं म्हणतात, ‘मला सीसीडीला जायचंय.’

म्हणजे पुस्तक लिहिलं गेलं कॅथलिक शाळेचं स्वप्न डोळ्यांसमोर ठेवून, आणि पडलं मात्र सरकारी शाळेतल्या मुलांच्याही हातात. माझ्या मते या पुस्तकाची अर्धी शोकांतिका एवढ्यातच आहे.

कॅथलिक शाळेतल्या मुलाभोवती बाकी सगळं असतं. सकाळची प्रार्थना, भिंतीवरचा क्रूस, मे महिन्यात मारियेपुढे ठेवलेली फुलं, गणित शिकवणारी सिस्टर. त्याच्यासाठी प्रश्नोत्तरी म्हणजे जे रोज बघतो त्याचा गोषवारा. सरकारी शाळेतल्या मुलाला आठवड्यातून एकच तास मिळतो आणि त्या तासात मिळतो तो फक्त गोषवारा. कादंबरी न वाचता गाइडमधला सारांश पाठ केलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपल्यापैकी बरेच जण तीच मुलं होतो.

आता पुस्तकाच्या घडणीकडे येऊ. पहिला प्रश्न जग कुणी निर्माण केलं हा. उत्तर एका छोट्या वाक्याचं आणि त्या वाक्यात प्रश्नातलेच शब्द पुन्हा येतात. ही युक्ती पुस्तकभर आहे. कारण साधं आहे: उत्तर सुटं पाठ केलं तरी पूर्ण वाक्य हाती लागावं. पाठांतरासाठी ही बांधणी पक्की आहे आणि पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. पाढे मीही असेच शिकलो. माझ्या आजीला शेवटच्या वर्षी आमची नावं आठवत नव्हती, पण रोझरी सुरू केली की तिचा भाग ती न चुकता म्हणायची. घोकलेलं असं कुठेतरी खोल जाऊन बसतं.

अडचण वेगळी आहे. या पुस्तकात प्रश्न मोठी माणसं विचारतात आणि उत्तर मूल देतं. खऱ्या आयुष्यात हे उलटं असतं. मी ऑफिसात टेस्ट लिहितो. इनपुट ठरलेला, अपेक्षित आउटपुट ठरलेला. एखाद्या आळशी माणसानं फंक्शनमध्ये काहीच न करता तो आउटपुट तसाच लिहून ठेवला, तरी टेस्ट हिरवी होते. वेगळा इनपुट आला की मग कळतं, आत काहीच नव्हतं. रविवारच्या वर्गातली 421 हिरवी चिन्हं मला तशीच दिसतात. बहिणीच्या मुलाचा प्रश्न हा पहिला वेगळा इनपुट होता.

आणि हा वेगळा इनपुट येतो कुठून? शाळेतून. बाकावर शेजारी कोण बसणार हे सरकारी शाळेत चर्च ठरवत नाही. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही असा जिवलग मित्र सरकारी शाळाच देते. म्हणून या मुलांना जो प्रश्न सगळ्यात आधी पडतो, त्याच्यासाठी पुस्तकानं जागाच ठेवलेली नाही.

गंमत अशी की उत्तर पुस्तकात आहे. अकराव्या धड्यात चर्चचं सदस्य असणं सगळ्यांना बंधनकारक आहे असं सांगितलं आहे, पण तिथेच बारीक अट आहे: हेच खरं चर्च आहे हे माहीत असूनही जो बाहेर राहतो, त्याच्याबद्दल हे बोलणं आहे. चौदाव्या धड्यात बाप्तिस्म्याचे तीन प्रकार येतात, त्यातला एक इच्छेचा. पाणी डोक्यावर पडलं नसलं तरी मनाची ओढ मोजली जाते. हे दोन धडे एकमेकांना जोडले तर आठ वर्षांच्या मुलाला पुरेल असा दिलासा तयार होतो. पण पुस्तक ते जोडत नाही. प्रत्येक प्रश्न आपल्या क्रमांकापुरता एकटा उभा. अकराव्या धड्यातली धास्ती पाठ होते, चौदाव्यातला दिलासाही पाठ होतो, दोघांची भेट काही होत नाही. ‘हे आपल्या पुस्तकात नाही’ असं मला सांगणाऱ्यांच्या पुस्तकातही ते कुठल्यातरी दुसऱ्याच धड्यात असणार, असं मला आता वाटतं.

चर्चनं पुढे हे अधिक स्पष्ट केलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जो मनापासून देवाचा शोध घेतो आणि सदसद्विवेकानं वागतो, त्याचं तारण होऊ शकतं. म्हणजे सिद्धान्त हलला, शिकवण्याचा साचा मात्र हटत नाही. 2011 साली तरुणांसाठी ‘यूकॅट’ निघालं. रंगीत चित्रं, गप्पांची भाषा, आणि प्रश्न 527. त्यातले बरेच प्रश्न खरोखर तरुण विचारतील असे आहेत हे कबूल करायला हवं. तरी प्रश्न छापलेलेच.

इथे कुणी म्हणेल, मग हा तास शाळेतच का घेऊ नये? अमेरिकेनं तेही करून पाहिलं. इलिनॉयमधल्या शँपेन गावात सरकारी शाळेच्या इमारतीतच प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू शिक्षक येऊन आपापल्या मुलांना धर्म शिकवत. ज्या एका मुलाच्या आईवडिलांनी संमती दिली नाही, तो एकटा वेगळा बसे. त्याची आई व्हाश्ती मॅकॉलम न्यायालयात गेली. 1948 साली सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं हे बंद केलं. चारच वर्षांनी न्यू यॉर्कच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतानं सांगितलं की मुलांना शाळेच्या वेळेत बाहेर, चर्चच्या जागेत पाठवलं तर चालेल. आपल्या राज्यघटनेचं 28 वं कलम याच्या जवळ जातं: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. माझी जिल्हा परिषद शाळा त्यातलीच.

मला हे कलम आवडतं, आणि कॅथलिक म्हणूनच आवडतं. वेगळं बसवलेल्या त्या मुलाच्या जागी वसईबाहेरच्या कुठल्याही शाळेत मी असू शकलो असतो. धर्माचा वर्ग शाळेबाहेर असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या वर्गानं शाळेला दाराबाहेर ठेवण्याला. मूल शाळेतून जे प्रश्न घेऊन येतं, ते चपलांसारखे बाहेर काढून आत यायचं, ही पद्धत चुकीची आहे.

दुसरी पद्धत असू शकते का? रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी 1954 पासून माँटेसरी पद्धतीवर बेतलेलं धर्मशिक्षण उभं केलं. त्यात मूल छोट्या लाकडी वस्तू हाताळतं, मेंढपाळाची गोष्ट ऐकतं, आणि मोठी माणसं उत्तर सांगण्याऐवजी त्याच्याबरोबर नवल करतात. पण मला त्याहून जवळचं उदाहरण सापडलं, तेही मराठीत.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्यानं कोकणीत प्रश्नोत्तरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, 1622 साली छापली गेली. पण त्याच माणसानं मराठीत ‘क्रिस्तपुराण’ही लिहिलं. ते 1616 साली आलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सुरू कसा होतो? धर्मशिक्षणाच्या वर्गातून! शिकायला जमलेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? नुसत्या प्रश्नोत्तरांवर त्याचं भागत नव्हतं. त्याला गोष्ट हवी होती.

या प्रसंगाला गोड मुलामा देण्यात अर्थ नाही. ती पुराणं साष्टीतल्या लोकांनी आपण होऊन टाकलेली नव्हती. देवळं पाडली गेली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या, 1583 साली कुंकळ्ळीत रक्त सांडलं होतं. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात नम्रता आहे तशी वेदनाही आहे. पण समीक्षक म्हणून मला एवढं दिसतं की स्टीफन्सनं तो प्रश्न पुस्तकात घेतला. ‘हे आपल्या पुस्तकात नाही’ असं तो म्हणाला नाही. पुस्तकात नव्हतं म्हणून त्यानं दुसरं पुस्तक लिहिलं, ओवीत, ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या चालीत. त्याची प्रश्नोत्तरी आज अभ्यासक उघडतात. क्रिस्तपुराण मात्र वसईत माझ्या आजीच्या पिढीलाही नावानं माहीत होतं.

बाल्टिमोरच्या पुस्तकात असा ब्राह्मण नाही. 421 प्रश्नांत एकही प्रश्न असा नाही जो ऐकून विचारणारा स्वतः अडखळेल. हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. ते जुनं आहे, कडक आहे, घोकायला लावतं, हे आक्षेप त्यापुढे किरकोळ वाटतात.

बहिणीला मी शेवटी मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. अकरावा धडा, चौदावा धडा, 1964, सगळं सांगितलं. तिनं ते मुलाला तिच्या भाषेत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी त्याला रविवारी आणू का?”

धर्म बदलायला नव्हे, नुसतं शेजारी बसायला. बहीण म्हणाली, बाईंना विचारून सांगते. तिनं बाईंना विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.