रसग्रहणाचे मुद्दे आणि लेखनाचा सराव : माध्यमिक इंग्रजीतील साहित्याध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

माध्यमिक स्तरावरील इंग्रजीच्या अभ्यासक्रमात साहित्य आणि सर्जनशील लेखन या दोहोंना स्थान आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण एका प्रश्नात येते, तर कथाविस्तार किंवा वृत्तलेखन दुसऱ्या प्रश्नात. दोहोंना प्रत्येकी 5 गुण आहेत. परंतु वाचलेल्या कृतीवरून लेखनाची रीत उमगावी आणि स्वतः लिहून पाहिल्याने वाचन अधिक सूक्ष्म व्हावे, हा जो त्यांच्यातील स्वाभाविक संबंध, त्याची दखल कृतिपत्रिका घेत नाही. साहजिकच वर्गातही तो फारसा साधला जात नाही. नागपूर विभागातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी अलंकारांची नावे अचूक सांगतो. त्यांपैकी एखादा अलंकार योजून स्वतःचे एक वाक्य लिही म्हटले की अडखळतो, हा प्राध्यापकवर्गाच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. या स्थितीचे खापर विद्यार्थ्याच्या इंग्रजीवर फोडणे सोपे आहे. 2018 साली आलेल्या ‘इंग्लिश कुमारभारती’ या दहावीच्या पाठ्यपुस्तकातील तीन पाठ पाहिले असता मात्र दोष अन्यत्र असल्याचे दिसते.

मुद्द्यांचे रसग्रहण :

रसग्रहणासाठी विद्यार्थ्याला मुद्दे पुरविले जातात : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. हे मुद्दे चुकीचे नाहीत. प्रत्येक कवितेला तेच लावले जातात, ही अडचण आहे.

रवींद्रनाथांची ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ ही कविता घेऊ. मूळ बंगाली रचना ‘नैवेद्य’ (1901) मधील. कवीनेच केलेले तिचे इंग्रजी रूप 1912 च्या ‘गीतांजली’त आले. या इंग्रजी रूपात यमक नाही. त्यामुळे ‘यमकरचना’ या मुद्द्यापुढे विद्यार्थी ‘मुक्तछंद’ असा शब्द लिहितो आणि पुढे जातो. कवितेचे खरे रचनातत्त्व त्याच्या नजरेतून निसटते. ही संपूर्ण कविता व्याकरणदृष्ट्या एकच वाक्य आहे. ‘जिथे’ने आरंभ होणारी गौण वाक्ये एकामागून एक येत राहतात आणि ज्यासाठी ती मांडली ते मुख्य वाक्य शेवटच्या ओळीपर्यंत रोखून धरलेले असते. प्रार्थनेचा ताण या रोखून धरण्यात आहे. मध्यवर्ती कल्पना म्हणून ‘कवीचे देशप्रेम’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळू शकतात. वाक्याची ही बांधणी टिपणाऱ्याला ती लिहिण्यासाठी मुद्दाच नाही.

वस्तुतः ही बांधणी मराठी मुलाला परकी नाही. ‘जिथे… तिथे’ हा संबंध तो घरीदारी रोज वापरतो. कविता वाचून झाल्यावर आपल्या शाळेविषयी, मोहल्ल्याविषयी वा शेताविषयी चार ‘जिथे’ लिहावेत आणि मुख्य वाक्य अखेरीस आणावे, प्रथम मराठीत व मग इंग्रजीत, एवढे सांगितले तरी रचनेचे मर्म व्याख्येवाचून कळेल. मराठीतील ‘तिथे’ला इंग्रजीत प्रतिशब्द का लागत नाही, हा प्रश्नही तेथेच उपस्थित होईल आणि व्याकरणाचा एक तास वाचेल.

‘ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज’ या उताऱ्याच्या बाबतीत हानी वेगळ्या प्रकारची आहे. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकातील हे भाषण जेक्विस या विषण्ण, उपरोधिक पात्राच्या तोंडी आहे. म्हातारपण म्हणजे सर्वस्वाचा ऱ्हास, असे तो म्हणतो. त्याचे बोलणे संपताच ऑर्लँडो आपल्या वृद्ध सेवकाला, अ‍ॅडमला, घेऊन रंगमंचावर येतो. ज्याच्या वार्धक्यात निष्ठा शाबूत आहे असा हा माणूस जेक्विसच्या विधानाला न बोलता छेद देतो. भाषण सुटी कविता म्हणून छापले की हा छेद नाहीसा होतो आणि पात्राचे मत नाटककाराचे तत्त्वज्ञान ठरते. ‘शेक्सपिअर म्हणतो की…’ असा आरंभ असलेली उत्तरे गाईडांतून वर्गात येतात, ती त्यामुळेच. अ‍ॅडमच्या मुखी जेक्विसला उत्तर म्हणून सहा ओळी लिहिण्याचे काम दिल्यास ‘कोण बोलतो आहे’ हा साहित्यवाचनातला पहिला प्रश्न विद्यार्थ्याला टाळता येणार नाही.

कथाविस्तार आणि तात्पर्य :

कथाविस्ताराच्या प्रश्नात आरंभ, शेवट वा रूपरेषा दिलेली असते आणि शीर्षक व तात्पर्य लिहिण्याची सवय मराठी कथालेखनापासूनच लागलेली असते. ही सवय किती खोल रुजते, हे त्याच पुस्तकातील रस्किन बाँड यांची ‘द थीफ्स स्टोरी’ समोर ठेवली म्हणजे कळते. दर महिन्याला नवे नाव घेणारा एक किशोरवयीन चोर अनिल नावाच्या लेखकाकडे राहतो. अनिल त्याला लिहावयास शिकवितो. एका रात्री तो पैसे घेऊन पळतो, पावसात भिजतो, परत येतो आणि नोटा होत्या तेथे ठेवतो. सकाळी अनिल त्याला एक नोट देतो, ती अजून ओलसर असते. अनिलला सर्व कळले आहे, हे त्या ओलाव्यावरून वाचकाने ओळखायचे असते. अनिल त्याविषयी अवाक्षर काढत नाही.

अशी कथा शिकवून झाल्यावर ‘प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण’ असे तात्पर्य फळ्यावर येत असेल, तर कथा शिकविली गेली असे म्हणणे कठीण आहे. मुलाला परत आणणारी ओढ प्रामाणिकपणाची कमी आणि अक्षरांची अधिक आहे. पूर्ण वाक्ये लिहिता येणे हे चोरीच्या पैशांहून मोठे आहे, असे त्याला वाटते. इंग्रजीच्या वर्गात याहून समर्पक कथा क्वचितच सापडेल. हीच सकाळ अनिलच्या दृष्टिकोनातून लिहावी, मात्र ‘मला कळले’ हे शब्द वापरू नयेत, अशी अट घालता येईल. सूचकता म्हणजे काय, हे या एका अटीतून जितके समजेल तितके टिपणांतून समजणार नाही.

अटीचे शिक्षण : नागपूरचा दाखला

सर्जनशीलता मुक्त असते, तिला नियम कसे लावावेत, असा आक्षेप येथे घेतला जातो. नागपूरच्या वाङ्मयीन परंपरेत त्याचे उत्तर आहे. सुरेश भट (1932–2003) यांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त, यमक, अंत्ययमक, मतला यांची रोखठोक ओळख करून देणारी ही छोटी पुस्तिका प्रतिभेची चर्चा करीत बसत नाही. ती बंधने सांगते आणि लिहिणाऱ्याला कामाला लावते. गझलेच्या परंपरेत उस्ताद शागिर्दाच्या शेरावर ‘इस्लाह’ करतो, म्हणजे शब्द बदलून, ओळ फिरवून दाखवितो. लेखन शिकविता येते, या श्रद्धेवरच ही पद्धत उभी आहे. कवी अनिलांची दहा ओळींची ‘दशपदी’ हेही स्वतःहून स्वीकारलेले बंधनच होते. त्या संग्रहाला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक शाळेत केलेले प्रयोग याच जातीचे होते. ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ (1970) व ‘रोज, व्हेअर डिड यू गेट दॅट रेड?’ (1973) या पुस्तकांत ते आले आहेत. दुसऱ्या पुस्तकात श्रेष्ठ कविता वाचून तिच्यातील एखादी कल्पना वा रीत उचलून मुलांनी लिहावे, अशी योजना आहे. स्पॅनिशभाषक मुलांचे शब्द कोक यांनी कवितेत येऊ दिले, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काटोल वा उमरेडच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. तेथे पहिल्या खर्ड्यात वऱ्हाडी वा नागपुरी हिंदी शब्द आला तर तो खोडण्याची घाई नको. महेश एलकुंचवारांनी नागपुरात वर्षानुवर्षे इंग्रजी साहित्य शिकविले आणि नाटके मराठीत लिहिली. दोन भाषांचा असा व्यवहार विद्यार्थ्यालाच का वर्ज्य असावा?

मूल्यमापनाची अडचण :

मुद्देनिहाय रसग्रहणाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो डावलता येत नाही. राज्यात दरवर्षी 15 लाखांहून अधिक विद्यार्थी दहावीला बसतात. परीक्षक बदलला तरी गुण बदलू नयेत, यासाठी ठरीव मुद्दे लागतात. शिवाय ज्याच्या घरी इंग्रजीचे वातावरण नाही अशा मुलाला तेच उत्तीर्णतेचा आधार देतात. मुक्त उत्तराला गुण देऊ लागल्यास त्याचा लाभ प्रथम शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला होईल, ही भीती निराधार नाही. म्हणून लेखी प्रश्नांचे स्वरूप तूर्त बदलले नाही तरी चालेल. 2019-20 पासून भाषाविषयांत पुन्हा लागू झालेल्या 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाला वाव द्यायला हवा. ते बहुधा पाठ केलेल्या उताऱ्यावर आणि ठरावीक तोंडी प्रश्नांवर उरकले जाते. विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेल्या, दोनदा दुरुस्त केलेल्या सहा ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि कोणता शब्द का बदलला हे सांगावे, एवढे त्यात सहज बसते. भाषण-संभाषणाची परीक्षाही त्यातच होते.

दुरुस्तीचा भार मात्र खरा आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वही ‘इस्लाह’च्या दृष्टीने तपासणे एका शिक्षकाला अशक्यप्राय आहे. दर आठवड्याला दहा वह्या आणि त्यांतील दोनच ओळी, असे धोरण ठेवले तर सत्रात प्रत्येकाची पाळी दोनदा येऊ शकते. बी.एड. महाविद्यालयांच्या पाठनिरीक्षणात आजवर फलकलेखन आणि प्रश्नांची संख्या पाहिली जाते. छात्राध्यापकाने विद्यार्थ्याची एखादी ओळ कशी सुधारून दाखविली, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.